दुधाच्या दाताची साक्ष

दुधाचा दात पडला की तुम्ही त्याचे काय करता? कुणी तो छपरावर फेकतो, कुणी उंदराच्या बिळापाशी ठेवतो आणि बदल्यात त्याच्यासारखा टोकदार दात मागतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची मात्र पंचाईत! ना कौले, ना बीळ. मग तो दात आईच्या डबीत जातो, नाहीतर सरळ केराच्या टोपलीत.

पण मित्रांनो, अमेरिकेतल्या सेंट लुई शहरातल्या आणि आसपासच्या मुलांनी आपले दात चक्क पोस्टाने पाठवले होते. एक-दोन नव्हेत, तर १९५८ ते १९७० या काळात सुमारे ३ लाख २० हजार! दात पाठवणाऱ्याला एक बिल्ला मिळायचा. त्यावर दात पडलेल्या हसऱ्या मुलाचे चित्र, आणि 'मी माझा दात विज्ञानाला दिला' अशा अर्थाचा मजकूर. असा बिल्ला लावून वर्गात मिरवायला कुणाला आवडणार नाही?

हा सारा खटाटोप कशासाठी, असे तुम्ही विचाराल. त्या काळी अमेरिका, सोव्हिएत रशिया आणि ब्रिटन उघड्या हवेत अणुबॉम्बच्या चाचण्या करत होते. स्फोट व्हायचा दूर वाळवंटात, नाहीतर महासागरातल्या एखाद्या बेटावर. पण त्यातून उडालेली धूळ वाऱ्याबरोबर हजारो किलोमीटर जायची आणि पावसाबरोबर खाली यायची. तिच्यात स्ट्रॉन्शियम-९० नावाचा किरणोत्सारी पदार्थ असे. हा मोठा लबाड, बरं का! तो कॅल्शियमचा भाऊबंद, त्यामुळे आपले शरीर फसते. धूळ गवतावर पडली, गवत गाईने खाल्ले, गाईच्या दुधात तो उतरला. ते दूध आईने प्यायले, बाळाने प्यायले, आणि शरीराने त्याला कॅल्शियम समजून थेट हाडांत आणि दातांत नेऊन बसवले.

धोका अगदी किरकोळ आहे, असे सरकारी अधिकारी सांगत होते. खरे-खोटे करायचे कसे? मुलांची हाडे काढून तर तपासता येत नाहीत. पण दुधाचे दात? ते आपणहून पडतात! हर्मन काल्कर या शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये ही कल्पना मांडली. सेंट लुईमधल्या नागरिकांच्या एका समितीने तिथल्या विद्यापीठांतले शास्त्रज्ञ आणि दंतवैद्य यांना बरोबर घेऊन ती उचलून धरली. कामाची धुरा होती डॉ. लुईझ राइस या डॉक्टरबाईंकडे.

दाताबरोबर एक कार्ड भरून द्यावे लागे. मुलाचा जन्म कधी आणि कुठे झाला? बाळ पोटात असताना आई कुठे राहत होती? बाळाला आईचे दूध मिळाले की वरचे? आता गंमत पाहा. दात मुलाचा, आणि निम्मी चौकशी आईची! कारण सोपे आहे. दुधाच्या दाताचा हिरडीबाहेर दिसणारा भाग आईच्या पोटातच तयार व्हायला लागतो, चौथ्या महिन्याच्या सुमारास. जन्मानंतर साधारण वर्षभरात तो पुरा होतो. सातव्या वर्षी तुमच्या तळहातावर पडलेला दात म्हणजे जन्माच्या आगेमागे लिहून ठेवलेली रोजनिशीच म्हणा ना. त्या रोजनिशीत एक खूणसुद्धा असते. जन्माच्या वेळी दाताच्या टणक आवरणात, म्हणजे इनॅमलमध्ये, एक बारीक रेघ उमटते. सूक्ष्मदर्शकाखाली ती दिसते. रेघेच्या एका बाजूला पोटातले महिने, दुसऱ्या बाजूला जगात आल्यानंतरचे. आजचे शास्त्रज्ञ या रेघेच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासून आईकडून काय आले आणि नंतर काय आले, हे सांगू शकतात.

१९६१ मध्ये पहिले निकाल प्रसिद्ध झाले. १९५१ ते १९५४ या काळात जन्मलेल्या मुलांच्या दातांतले स्ट्रॉन्शियम-९० चढत गेलेले दिसले. पुढे १९६३ मध्ये जन्मलेल्या मुलांचे दात तपासले, तेव्हा ते १९५० मधल्या मुलांच्या सुमारे ५० पट निघाले! एकदा डॉ. राइस यांच्या घरचा फोन त्यांच्या मुलाने उचलला, तर पलीकडे राष्ट्राध्यक्ष केनेडी. त्यांना आईशी बोलायचे होते! उघड्या हवेतल्या, पाण्याखालच्या आणि अवकाशातल्या अणुचाचण्या बंद करण्याचा करार अमेरिका, रशिया आणि ब्रिटन यांनी ऑगस्ट १९६३ मध्ये केला. तो केवळ दातांमुळे झाला असे म्हणणे म्हणजे जरा जास्तच होईल. पण आपल्या मुलांच्या दातांत काय आहे हे कळल्यावर लोक गप्प बसेनात, हेही खरेच.

दात पडायला सहा-सात वर्षे लागतात. तोवर थांबायचे नसेल तर? जपानमधल्या मिनामाता गावाची गोष्ट ऐका. तिथला एक रासायनिक कारखाना आपले सांडपाणी समुद्रात सोडत असे. त्यातला पारा मासे-शिंपल्यांत गेला आणि त्यांच्यातून कोळ्यांच्या ताटात. १९५६ मध्ये या विषबाधेची अधिकृत नोंद झाली. माणसे लटपटू लागली, बोलणे अडखळू लागले, कित्येक दगावली. पण डॉक्टरांना चक्रावून टाकले ते बाळांनी. या बाळांनी मासे खाल्लेच नव्हते, तरी ती जन्मतःच आजारी होती आणि त्यांच्या आया मात्र वरवर धडधाकट! वारेतून विष पलीकडे जात नाही, अशीच तेव्हा समजूत होती.

डॉ. मासाझुमी हाराडा यांनी त्या आयांचे म्हणणे कान देऊन ऐकले. माझ्या वाट्याचे विष या लेकराने घेतले, असे एका आईने त्यांना सांगितले होते. पण पुरावा कुठून आणायचा? तो घराघरांत होता. आपल्याकडे नाळ पुरण्याची रीत आहे. जपानात बाळाच्या नाळेचा सुकलेला तुकडा लाकडी डबीत जपून ठेवतात. आयांनी त्या डब्या उघडून दिल्या आणि नाळेत पारा सापडला. कारखान्याचे उत्पादन वाढले त्या वर्षांतल्या नाळांत तो जास्त होता.

केसही असेच बोलके. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, आणि वाढताना रक्तातला पारा आपल्यात साठवतो. १९७१-७२ मध्ये इराकमध्ये पेरणीसाठी आलेल्या, पाऱ्याचे औषध लावलेल्या धान्याच्या भाकऱ्या लोकांनी खाल्ल्या. सरकारी नोंदीप्रमाणे ४५९ माणसे इस्पितळांत मरण पावली. तेव्हा आयांच्या लांब केसांचे तुकडे करून शास्त्रज्ञांनी गरोदरपणाच्या कोणत्या महिन्यात किती पारा होता, ते मोजले. आईच्या केसांत बाळाची कहाणी!

आता आपल्या अगदी जवळच्या एका धातूकडे वळू. शिसे. (तुमच्या शिसपेन्सिलीत शिसे नसते हं, ते ग्राफाइट!) शिसेही हाडांत आणि दातांत जाऊन बसते. अमेरिकेत बॉस्टनजवळच्या दोन गावांतल्या दोन हजारांहून अधिक मुलांचे दुधाचे दात डॉ. हर्बर्ट नीडलमन यांनी मिळवले आणि १९७९ मध्ये निष्कर्ष छापले. यातले एकही मूल आजारी दिसत नव्हते. तरी ज्यांच्या दातांत शिसे जास्त, त्यांना बुद्धिमापन चाचणीत सरासरीने गुण कमी पडले. वर्गात त्यांचे लक्ष लवकर उडते, असे त्यांच्या शिक्षकांनीही लिहिले, आणि कुणाच्या दातांत किती शिसे हे शिक्षकांना ठाऊक नव्हते! (गणितात कमी गुण मिळाले की लगेच 'शिसे, बाबा, शिसे' म्हणून सांगू नका. हा हिशेब शेकडो मुलांच्या सरासरीचा आहे.) हे शिसे कुठले? जुन्या रंगांतले आणि पेट्रोलमधले.

भारतात १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुंबई आणि दिल्लीतल्या तीन वर्षांखालच्या मुलांच्या बोटातून थेंबभर रक्त घेऊन शिसे मोजले. हजाराहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्यावर दिसले की, बहुतेकांच्या रक्तात डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅमहून जास्त शिसे आहे. शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २००० मध्ये भारतभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आली. तरी भिंतींचे जुने पोपडे आहेत, जुन्या बॅटऱ्या वितळवण्याचे उद्योग आहेत, आणि कुठे कुठे पिवळीधमक दिसावी म्हणून हळदीत मिसळलेला शिशाचा रंगही आहे.

रक्तातले शिसे महिन्या-दोन महिन्यांत बरेच उतरते. पण हाडांतले शिसे पंचवीस-तीस वर्षेही मुक्काम ठोकून राहते. त्या पाहणीतली बाळे आज पंचविशीच्या पुढे आहेत, त्यांच्यातल्या काही जणी आता आया झाल्या असतील. पोटातल्या बाळाला कॅल्शियम हवे असले की आईची हाडे ते सोडतात, आणि त्याच्यासोबत जुने शिसेही बाहेर पडते. मेक्सिको शहरात गरोदर स्त्रियांना रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम देऊन पाहिले, तर रक्तातले शिसे सरासरी ११ टक्क्यांनी कमी झाले. तुमच्या घरी बाळ येणार असेल, तर त्या मावशीला किंवा काकूला किती कॅल्शियम घ्यायचे ते डॉक्टर सांगतीलच. नाचणीची भाकरी मात्र तुम्ही तिच्या पानात आग्रहाने वाढू शकता. नाचणीत कॅल्शियम भरपूर असते, आणि लोणी लावले की ती लागतेही छान!