वर्षभराचे वाचन : संकल्पापासून समाप्तीपर्यंत

वाचन करावे, असे सर्वच सांगतात. ते वर्षभर अखंड कसे चालवावे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. वर्षारंभी केलेले संकल्प दोन महिन्यांत विरून जातात, हा अनेकांचा अनुभव आहे. गेल्या आषाढ पौर्णिमेस आम्ही काही शिक्षकांनी असाच एक संकल्प केला : वर्षभरात दहा ग्रंथ वाचून पूर्ण करावयाचे, आणि तेही मोठ्याने, ज्यांना ऐकावयाचे असेल त्यांच्यासमवेत. यंदाच्या आषाढ पौर्णिमेस तो पूर्ण झाला. तो कसा पूर्ण झाला आणि मध्येच कोठे अडला, हे माजी विद्यार्थी व पालक यांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडीत आहोत.

आरंभासाठी आषाढ पौर्णिमा निवडण्यास कारण होते. भगवान बुद्धांच्या काळी भिक्खू पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहत, तोच वर्षावास. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या या काळात महाराष्ट्रातील गावोगावच्या विहारांत सायंकाळी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे सामुदायिक वाचन होते. बाबासाहेबांचा हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला व १९७० साली त्याचा मराठी अनुवाद आला. ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि सोबत बसणारी माणसे या तीन गोष्टींमुळे हे वाचन वर्षानुवर्षे टिकून आहे. मग उरलेल्या नऊ महिन्यांसही हीच रीत का लावू नये, असा विचार आम्ही केला.

त्यासाठी साधा हिशेब मांडला. वर्षावासाचे तीन महिने या एकाच ग्रंथासाठी ठेवले. उरलेल्या नऊ महिन्यांत सुमारे दोनशे पानांची नऊ पुस्तके, म्हणजे १८०० पाने. रोज आठ पाने वाचली तर २२५ दिवस लागतात. नऊ महिन्यांचे दिवस सुमारे २७०. म्हणजे ४५ दिवस हाताशी राहतात. मोठ्याने आठ पाने वाचण्यास अर्धा-पाऊण तास पुरतो. हे ४५ दिवस आम्ही आरंभीच मोकळे सोडले होते, आणि पुढे त्यांनीच संकल्प तारला.

वर्षावासात एकही दिवस चुकला नाही. आश्विन पौर्णिमा उलटली आणि चित्र बदलले. सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी, हरभऱ्याची व ज्वारीची पेरणी सुरू झाली. ऐकावयास येणारे पालक शेतात, तर काही कुटुंबे ऊसतोडीस गेली. मुले दिवाळीच्या सुटीवर गेली. आठ दिवस खंड पडला, मग पंधरा, आणि पाहता पाहता महिना उलटला. राहिलेली पाने दुप्पट वाचून भरून काढण्याचा प्रयत्न केला, तेव्हा दोन दिवसांतच सर्वांना कंटाळा आला. अखेर ६ डिसेंबर रोजी, महापरिनिर्वाणदिनी, पुन्हा आरंभ केला. जुनी बाकी सोडून दिली आणि रोजच्या आठ पानांवर परतलो. चुकलेला दिवस चुकला असे मानावे, त्याचे ओझे उद्यावर टाकू नये, हा नियम आम्ही तेव्हा शिकलो. दुसरा नियम असा, की आपल्या भागातील संकल्पाने शेतीचे वेळापत्रक ओळखले पाहिजे. ज्या महिन्यांत हातांना उसंत नसते, त्या महिन्यांत लहान पुस्तक ठेवावे.

पुस्तकांची निवडही मोठ्याने वाचता येतील अशीच केली. जोतीराव फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' हा १८८३ सालचा ग्रंथ; त्यातील भाग स्वतः जोतीरावांनी जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखविले होते. धर्मानंद कोसंबी यांचे 'निवेदन', अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा', दया पवार यांचे 'बलुतं' हीही त्यात होती. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' वाचताना श्रोत्यांत महिला सर्वाधिक होत्या. फलटणला दुकान चालविताना सामान बांधावयास आणलेल्या रद्दीचे कागद बेबीताई वाचीत असत, हे सांगितले तेव्हा 'आम्हाला वेळ कुठला' हे वाक्य पुन्हा कोणी उच्चारले नाही.

ज्यांना अक्षरओळख नाही, त्यांचे हे वाचन मानावे काय, असा प्रश्न एका शिक्षकांनी विचारला होता. त्याचे उत्तर आपल्या परंपरेतच आहे. पालीत विद्वानास 'बहुस्सुत' म्हणतात. ज्याने पुष्कळ ऐकले तो. तिपिटक कित्येक शतके मुखोद्गत राहिले आणि इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत प्रथम लिपिबद्ध झाले. प्रज्ञेचे तीन प्रकार सांगितले आहेत : ऐकून येणारी सुतमय, विचाराने येणारी चिंतामय आणि अभ्यासाने अंगी बाणणारी भावनामय. आपण आज जे पुस्तकात वाचतो, तेही पहिल्याच पायरीवरचे. म्हणून रोजच्या पाऊण तासातील शेवटची दहा मिनिटे आम्ही चर्चेसाठी राखली, आणि त्या चर्चेत निरक्षर आई व पदवीधर शिक्षक एकाच पायरीवर बसले.

वर्षावासाच्या शेवटी भिक्खू 'पवारणा' करतात. आपले काही चुकले असल्यास सांगा, अशी विनंती परस्परांस करतात. संकल्प पूर्ण झाला त्या सायंकाळी आम्हीही श्रोत्यांना तसेच विचारले. सातवीतील एका मुलाच्या आई म्हणाल्या, "सर, कठीण शब्द आला की तुम्ही भरभर पुढे जाता. आम्हाला कळतं, की तो तुम्हालाही कळलेला नाही." सर्वजण हसले, पण बोलणे खरे होते. आता फळ्यावर रोज कठीण शब्द लिहिले जातात आणि अर्थ कळल्याखेरीज पान उलटले जात नाही.

दहा ग्रंथ पूर्ण झाले, ही नोंद वहीत झाली. आम्हाला मोलाचे वाटते ते वेगळेच. आपल्या अनेक घरांत शिकलेली पहिली पिढी आज वसतिगृहात आहे. मूल जसजसे पुढील वर्गात जाते, तसतसे त्याचे पुस्तक आईवडिलांपासून दूर जाते. उन्हाळ्याच्या सुटीत काही मुलांनी पुस्तक गावी नेले आणि आजीला, आईला वाचून दाखविले. हे अंतर तेथे थोडे कमी झाले.

माजी विद्यार्थ्यांना आमची एवढीच विनंती आहे. आपण पुण्यात असा, मुंबईत असा की चुडाव्यातच असा, येत्या आषाढ पौर्णिमेस एक ग्रंथ, एक वेळ आणि ऐकणारे एक माणूस निश्चित करा. खंड पडेल, त्यासाठी दिवस आधीच राखून ठेवा, आणि खंड पडला तरी पुन्हा आठ पानांपासून आरंभ करा.