नाताळच्या सुमारास वर्गात करावयाच्या भेटवस्तू

दिवाळीची सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू झाले, की वार्षिक परीक्षेच्या धांदलीपूर्वीचे काही निवांत आठवडे शिक्षकांच्या हाती येतात. कार्यानुभवाच्या तासास हा काळ फार सोयीचा होय. याच काळात २५ डिसेंबर हा नाताळचा दिवस येतो व लागलीच नवे वर्ष सुरू होते. या निमित्ताने मुलांनी आईवडिलांसाठी स्वतःच्या हाताने एखादी वस्तू करावी, असा उपक्रम कोणत्याही शाळेत, खर्च न करता, घेता येण्यासारखा आहे.

आमच्या गावात ख्रिस्ती कुटुंब नाही, मग नाताळ कशाला, अशी शंका काही शिक्षकांच्या मनात येईल. परंतु हा सण मराठी मुलुखाला परका नाही. 'नाताळ' हा शब्दच पोर्तुगीजांकडून येऊन मराठीत रुळला आहे. मुंबईतील ईस्ट इंडियन समाज हा मूळचा याच भूमीतला असून त्याची घरची बोली मराठीचीच आहे. १८८७ साली त्या समाजाने हे नाव धारण केले. गिरगावातील खोताच्या वाडीत या समाजाची जुनी लाकडी घरे आहेत, व डिसेंबरात त्या घरांपुढे चांदणीच्या आकाराचे कंदील लागतात. दादरचे 'पोर्तुगीज चर्च' म्हणून ओळखले जाणारे देऊळ मूळ १५९६ सालचे आहे. ज्या चाळींच्या सज्जांत दिवाळीस आकाशकंदील लागतात, त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर नाताळची चांदणी लागते. दोहोंना कामट्या त्याच, कागद तोच आणि खळही तीच.

सणाची कथाही खेड्यातील मुलांस सहज समजण्याजोगी आहे. येशूचा जन्म झाल्यावर त्याला गव्हाणीत निजविले होते. गव्हाण म्हणजे काय, हे शहरातील मुलांना समजावून सांगावे लागते. आपल्या मुलांना नाही. पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांनी त्या बाळास सोने, ऊद व गंधरस अर्पण केले, असे शुभवर्तमानात सांगितले आहे. नाताळात भेटी देण्याच्या प्रथेचा संबंध या प्रसंगाशी जोडला जातो. एवढी माहिती पुरे. वर्गात ख्रिस्ती विद्यार्थी असल्यास त्यालाच ती सांगू द्यावी. कोणत्याही धर्माचा आग्रह वा उपहास होऊ नये, हे निराळे सांगावयास नको.

भेट कोणासाठी?

या उपक्रमाचे खरे मर्म येथे आहे. आपल्या अनेक गावांतील मुलांचे वडील, व कित्येकदा आईसुद्धा, मजुरीसाठी दूर असतात. हे आजचे नाही. मुंबईत कापडाच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा रत्नागिरी, सातारा इत्यादी जिल्ह्यांतील हजारो पुरुष परळ-लालबागच्या चाळींत एका खोलीत अनेकजण मिळून राहत आणि खाणावळीत जेवत. बायकामुले गावी असत. बी.डी.डी. चाळीतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. तीत संसार थाटणे सर्वांनाच कसे शक्य व्हावे? शहराकडून गावाकडे मनीऑर्डर येई. तिच्या अर्जावर मजकुरासाठी लहानशी जागा असे, तेवढ्यात बापाने मुलांची खुशाली विचारावी. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावाची ती रीत मोडली व पुढे गिरण्याही बंद पडल्या. तथापि पोटासाठी गाव सोडण्याचे थांबलेले नाही. आज बाप कोठे पहारेकरी असतो, कोठे वाहनचालक, कोठे उपाहारगृहात कामाला.

शहराकडून गावाकडे पैसा येतो. गावाकडून शहराकडे काय जाते? दूरध्वनीवरून बोलणे होते, परंतु बोलणे संपले की हाती काही उरत नाही. मुलाने केलेली वस्तू मात्र उशाशी ठेवता येते, खोलीतल्या सोबत्यांना दाखविता येते. म्हणून पुढील चार वस्तूंपैकी दोन मुद्दाम पाकिटातून पाठविता येतील अशा निवडल्या आहेत.

१. पिंपळाचे जाळीदार पान (इयत्ता ३ री पासून)

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पिंपळाची जून, न फाटलेली पाने मडक्यात पाण्याखाली बुडवून ठेवावीत. पाण्यास वास येतो, म्हणून मडके वर्गाबाहेर ठेवावे व पाणी आठवड्याने बदलावे. सुमारे तीन आठवड्यांत पानाचा गर कुजून सुटू लागतो. पान सपाट फळीवर ठेवून, वर पाणी सोडीत, दात घासण्याच्या जुन्या मऊ कुंचल्याने गर हलकेच काढावा. शिरांची जाळी तेवढी शिल्लक राहते. ती रद्दी कागदांत दाबून वाळवावी व जाड रंगीत कागदाच्या घडीवर चिकटवावी. आतील बाजूस मुलाने स्वतःच्या शब्दांत चार ओळी लिहाव्यात. पानातील शिरांची रचना शिकविण्यास याहून उत्तम साधन नाही.

२. नव्या वर्षाची दिनदर्शिका (इयत्ता ४ थी पासून)

बारा कागदांवर घरे आखून मुलांनी तारखा स्वतः भराव्यात. १ जानेवारीचा वार तेवढा सांगावा; पुढचे त्यांनी काढावे. ३१ दिवस म्हणजे चार आठवडे व तीन दिवस. म्हणून १ फेब्रुवारी तीन वार पुढे येते. फेब्रुवारी २८ दिवसांचा असेल तर १ मार्चचा वार १ फेब्रुवारीचाच. असा भागाकार कंटाळवाणा होत नाही. मग घरातील वाढदिवस, गावची जत्रा, पेरणीचा सुमार, शाळेची सुट्टी व 'बाबा येणार' तो दिवस रंगाने दाखवावा. घडी करून ही दिनदर्शिका पाकिटात मावते.

३. भांडे उतरविण्याचे फडके (इयत्ता ३ री पासून)

जुन्या सुती लुगड्याचे वा धोतराचे २० सेंटिमीटरचे सहा-सात चौकोन एकावर एक ठेवून गोधडीप्रमाणे धावदोरा घालावा. कडा आत दुमडून शिवाव्यात. एका कोपऱ्यास अडकविण्यासाठी नाडी लावावी. कापड सुतीच हवे. कृत्रिम धाग्याचे कापड उष्णतेने वितळून हात भाजतो. हे काम मुलगे व मुली दोघांनीही करावे. मुलांचा दोरा वाकडा गेला तरी आईला ते फडके रोज उपयोगी पडेल.

४. चांदणीचा कंदील (इयत्ता ५ वी पासून, चौघांच्या गटाने)

खडूने जमिनीवर १५ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढून ७२ अंशांचे पाच भाग करावेत. एक बिंदू सोडून पुढचा बिंदू जोडीत गेले की चांदणी तयार होते. त्या रेघांवर ३० सेंटिमीटर लांबीच्या पाच कामट्या ठेवून टोके व मधली छेदने दोऱ्याने बांधावीत. अशीच दुसरी चांदणी करावी. दोन्ही एकमेकींवर ठेवून पाचही टोके बांधावीत. मग आतील पाच छेदनांमध्ये ७ सेंटिमीटरच्या आडव्या काड्या बसवाव्यात, म्हणजे मध्ये पोकळी होते. पतंगाचा कागद कणकेच्या खळीने चिकटवावा व दिव्यासाठी एक बाजू मोकळी ठेवावी. कामट्या शिक्षकांनी तासून द्याव्यात. आत मेणबत्ती कदापि लावू नये. लहान विजेचा दिवा पुरे.

शिक्षकांनी घ्यावयाची काळजी

बाजारातून काही आणावयास सांगू नये. ताराबाई मोडक यांनी १९३६ साली दादरला शिशुविहाराचे कार्य आरंभिले व पुढे १९४५ पासून बोर्डीस आणि नंतर कोसबाडला ग्रामीण बालशिक्षण उभे केले, तेव्हा शंख-शिंपले, बिया, पाने यांनाच शिक्षणसाधनाचा मान दिला. तो धडा आजही खरा आहे.

वस्तू शिक्षकांनी सुधारून देऊ नये. प्रदर्शनासाठी सुबक केलेली वस्तू मुलाची राहत नाही. क्रमांक व बक्षिसेही ठेवू नयेत. भेटीस गुण देता येत नाहीत.

वर्गात सूचना देताना "आईवडिलांसाठी" एवढेच म्हणू नये. कोणाचे वडील वारलेले असतात, कोणी आजीजवळ वाढत असते. "ज्यांनी तुम्हांला सांभाळले त्यांच्यासाठी" असे म्हणावे व निवड मुलावर सोपवावी. एखाद्यास दोन वस्तू करावयाच्या असल्यास करू द्याव्यात.

ज्यांचे पालक बाहेरगावी आहेत त्यांचे पत्ते आधीच मिळवावेत. पत्ता पाकिटावर मुलानेच लिहावा. पत्रलेखनाचा पाठ तेथेच होऊन जातो. नाताळपूर्वी दहा दिवस पाकिटे टपालात पडावीत. ज्या पालकाचा मुक्काम निश्चित नसेल, त्याची भेट गावाहून जाणाऱ्या माणसाबरोबर धाडावी. तेही न जमल्यास तो घरी येईपर्यंत शाळेच्या कपाटात नावानिशी जपून ठेवावी. बाप सुट्टीवर येईल तेव्हा मुलाने त्याला शाळेत आणून ती द्यावी. ज्या पालकाने शाळेची पायरी कधी चढली नाही, तोही त्या दिवशी चढेल.