फोम लावला, तरी हॉर्न ऐकू येतोच

घरी पॉडकास्ट रेकॉर्ड करायचा म्हणून अनेक जण भिंतींवर फोम चिकटवतात आणि रस्त्यावरचा गोंगाट थांबेल अशी अपेक्षा धरतात. तो थांबत नाही. फोमचं काम अकूस्टिक ट्रीटमेंटचं (खोलीतच घुमणारा आवाज शोषण्याचं) आहे, साउंडप्रूफिंगचं (बाहेरचा आवाज अडवण्याचं) नाही. गळक्या छताखाली फडकं टाकलं तर फरशीवरचं पाणी टिपलं जातं, गळती चालूच राहते. अडवायला वजन लागतं: जाड भिंत, भरीव दार, फटी बुजवलेली खिडकी.

१८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहातला आवाज सुधारण्याचं काम भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांच्याकडे आलं. जवळच्या नाट्यगृहातल्या बैठकांच्या गाद्या रात्री तिथे आणून ते मोजमापं घेत. गाद्या वाढल्या, तसा नादकाल (आवाज थांबल्यावर तो विरायला लागणारा वेळ) घटत गेला. म्हणूनच रजया, जाड पडदे, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट यांनीही घरात बरंच भागतं. अंड्यांचे ट्रे मात्र भिंतीला न लावता अंड्यांसाठीच ठेवावेत.

इंचभर जाडीचा फोम मुख्यतः वरच्या पट्टीतला आवाज शोषतो. १०० हर्ट्‌झच्या खर्जाची लहर सुमारे ३.४ मीटर लांब असते. तिच्यासाठी कोपऱ्यांत बरेच जाड, दाट पॅनल लागतात.