बाजरीची साठ वर्षं

मुरमाड, हलक्या रानात बाजरीला पर्याय नाही, असं नगर, बीड, धुळ्याकडचा जुना शेतकरी अजूनही सांगतो. तीन-चारशे मिलिमीटर पावसात, तीन महिन्यांत ती घरात येते. पावसाने ऐन वाढीत ताण दिला की ती थबकते आणि सर पडली की बुडातून नवे फुटवे काढते. मुख्य ताटाचं गेलं तरी फुटव्यांची कणसं हाती लागतात.

1965 साली लुधियानाच्या कृषी विद्यापीठात डॉ. दिलबागसिंग अठवाल यांनी एचबी-1 हे संकरित वाण दिलं. 1970-71 मध्ये देशाचं बाजरीचं उत्पादन 80 लाख टनांवर गेलं. पुढच्याच वर्षी ते 55 लाखांच्याही आत आलं. मारलं ते गोसावी रोगाने. गोसावी पडलेलं कणीस पाहिलं की पोटात कालवतं: दाण्यांच्या जागी हिरव्या पानांचा नुसता झुपका, आणि कोवळ्या पानांखाली पांढरी बुरशी. त्या काळची गाजलेली संकरित वाणं अमेरिकेतून आलेल्या टिफ्ट 23ए या एकाच मादी वाणावर बेतलेली होती. त्याला रोग लागल्यावर शिवारंच्या शिवारं बसली. गावरान बाजरीत प्रत्येक ताट थोडं निराळं, म्हणून सगळं रान एकदम जात नसे. काटकपणा त्या सरमिसळीतच होता, आणि उताऱ्याच्या घाईत आपण तो गमावला, असं मला ठामपणे वाटतं.

पुढे सावरलं. पटांचेरूच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेने टोगोतल्या बाजरीतून निवडलेलं आयसीटीपी 8203 हे वाण 1988 मध्ये महाराष्ट्रात आलं. टपोरा दाणा, लवकर येणारं पीक. लोकांनी ते उचललं. त्यातूनच निवडलेली, लोह जास्त असलेली ‘धनशक्ती’ 2012 मध्ये आली. राहुरीच्या विद्यापीठाची श्रद्धा, सबुरी ही संकरित वाणंही गावोगाव पोचली.

तरीही पेरा घटत गेला. दुष्काळापेक्षा पाण्यानेच बाजरी जास्त मागे हटवली: विहिरीला पाणी लागलं की कांदा, नाहीतर मका, शिवाय रेशनवर गहू-तांदूळ. 2023 हे भरडधान्य वर्ष गाजलं, शहरात भाकरीला मान आला. पण बाजरीचं पीठ आठवड्या-दोन आठवड्यांतच कडवट होतं, म्हणून दुकानदार ते ठेवायला तयार नसतो. पीठ टिकवण्याची सोय तालुक्याच्या गिरणीपर्यंत पोचली, तर आज भावासाठी अडत्याच्या तोंडाकडे बघणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला गावातच गिऱ्हाईक मिळेल.