स्थळ ठरविताना प्रवेशपरवान्याचा विचार
यंत्रशिक्षणाच्या शास्त्राला वाहिलेली ‘आयसीएलआर’ ही जागतिक परिषद २०२० च्या एप्रिलमध्ये इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबा येथे, भरविण्याचे जे ठरले, त्याला एक न्याय्य पार्श्वभूमी होती. २०१८ साली माँट्रियल येथे भरलेल्या ‘न्यूरिप्स’ या त्याच शास्त्राच्या परिषदेचे निमंत्रण हाती असूनही अनेक आफ्रिकी संशोधकांना कॅनडाच्या सरकारी दप्तराने प्रवेशपरवाना नाकारला होता. करोनाच्या साथीमुळे ही तजवीज तडीस गेली नाही व सारे अधिवेशन दूरस्थ पद्धतीने पार पडले. तथापि आफ्रिकेत जाण्याचा संकल्प सुटला नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. २०२३ च्या मे महिन्याच्या प्रारंभी परिषद रवांडातील किगाली येथे भरली. सर्व देशांच्या नागरिकांना आगमनसमयीच परवाना देण्याची तेथील सरकारची रीत आणि २०१६ साली खुले झालेले प्रशस्त संमेलनगृह, या दोन्ही गोष्टी तेथे अनुकूल होत्या. सभागृह, भोजन, निवास यांचा बंदोबस्त पैशाने होतो. परंतु ज्याचा निबंध स्वीकारला गेला तो स्वतः व्यासपीठापर्यंत पोहोचावा, यासाठी निबंधांच्या निकालाची तारीख परवान्याच्या अर्जाला लागणाऱ्या मुदतीवरून मागे मोजून ठरवावी लागते.