बारामती–इंदापूर : कल्पनेतली रेल्वे, खरा हिशेब

इंदापूर शहरात आजही रेल्वे नाही. म्हणूनच रेल्वेच्या मॉडेलसाठी बारामती–इंदापूर ही शाखा फार सुंदर. मात्र लोहमार्ग काल्पनिक असला, तरी त्यामागची कारणं खरी हवीत.

पूर्वज : दौंड–बारामती हा अडीच फुटी नॅरोगेज मार्ग 1914 मध्ये सुरू झाला. आपली शाखा त्याचाच पुढचा टप्पा माना.

स्थानकं : बारामती, भवानीनगर, जंक्शन, निमगाव केतकी, इंदापूर. वालचंदनगरजवळ ‘जंक्शन’ नावाचं गाव खरोखर आहे. वालचंदनगरचा फाटा तिथूनच काढा.

माल : कारखान्याकडे जाताना ऊस, येताना साखर, मळी. गळीत हंगामात गाड्या वाढवा, उन्हाळ्यात कमी करा.

माप : 1:87 प्रमाणात अडीच फुटी, म्हणजे 762 मिलिमीटरचा गेज पावणेनऊ मिलिमीटर होतो. बाजारात मिळणारा 9 मिलिमीटरचा रूळ त्याला चपखल बसतो. तीन मीटरचा ऊस साडेतीन सेंटीमीटरचा होईल. केरसुणीच्या बारीक काड्या तेवढ्या कापून, हिरवट-पिवळा रंग देऊन मोळ्या बांधा.

अंतर : सुमारे 50 किलोमीटरचा हा रस्ता याच प्रमाणात पावणेसहाशे मीटर भरेल. तेव्हा दोनच स्थानकं नीट करा. मधला पट्टा नीरा डावा कालवा आणि उसाच्या फडांना द्या.

आधी पाहा : पुण्यात कोथरूडचं जोशी रेल्वे संग्रहालय.

रूळ टाकण्याआधी वेळापत्रक लिहा. कोणती गाडी कशासाठी धावते हे सांगता आलं, की तुमची रेल्वे खरी वाटेल.