नाव जगवणारा मुलगा

मध्य राज्याच्या काळात, म्हणजे सुमारे ४००० वर्षांपूर्वी, इजिप्तमध्ये मृतांच्या स्मरणार्थ उभारलेल्या शिळांवर एक छोटे वाक्य वारंवार येते. मृताचे नाव, त्याच्या पदव्या, देवाकडे त्याच्यासाठी मागितलेली भाकरी आणि बिअर हे सगळे सांगून झाले की शेवटी लिहिलेले असते : त्याचे नाव जगवणारा तो त्याचा मुलगा, अमुक. चित्रलिपी शिकताना जी वाक्ये मला लवकर ओळखू येऊ लागली, त्यांत हे एक. त्यातल्या ‘जगवणारा’ या शब्दाने मला प्रयोजक क्रियापदांच्या मागे लावले.

इजिप्शियन भाषेत ‘जगणे’ म्हणजे ‘अन्ख’. तुतनखामुनच्या नावात मधोमध बसलेला शब्द तो हाच. (चित्रलिपीत स्वर लिहीत नाहीत; इथले बहुतेक स्वर अभ्यासकांनी उच्चाराच्या सोयीसाठी घातलेले आहेत.) त्याच्या आधी ‘स’ जोडला की ‘सअन्ख’, जगवणे. ‘मेन’ म्हणजे टिकणे, ‘समेन’ म्हणजे पक्के करणे, स्थापणे. ‘खेपेर’ होणे, ‘सखेपेर’ अस्तित्वात आणणे. नेफरतितीच्या नावातला ‘नेफर’ म्हणजे सुंदर, चांगले असणे. ‘सनेफर’ म्हणजे सुंदर करणे. दहशूरचे वाकडा आणि लाल हे दोन पिरॅमिड बांधणारा, खुफूचा बाप स्नेफेरू, याचे नाव याच प्रयोजकातून आले. शिल्पकारालाही एक शब्द होता ‘सअन्ख’, जगवणारा! दगडातून मूर्ती घडवणाऱ्याला याहून मोठी पदवी कोणती द्यायची?

आपण प्रयोजकाचा ‘व’ धातू आणि प्रत्यय यांच्या मध्ये घालतो : जग-व-तो. इजिप्शियन भाषा आपला ‘स’ पुढे लावते आणि मागचे प्रत्यय जसेच्या तसे ठेवते. ‘फ’ म्हणजे तो. ‘सअन्ख-फ’ तो जगवतो, ‘सअन्ख-न-फ’ त्याने जगवले. साध्या क्रियापदाची रूपे ज्याला येतात, त्याला प्रयोजकाची बरीचशी आपोआप येतात. एक खोच मात्र आहे. मूळ धातूत दोनच व्यंजने असतील, तर प्रयोजकाच्या भाववाचक रूपाला शेवटी ‘त’ लागतो : ‘समेनेत’, स्थापणे. तीन व्यंजनांच्या ‘सअन्ख’ला तो लागत नाही. विद्यार्थ्याला हा नियम नुसता त्रास वाटतो, पण या ‘त’चे काम पुढे आहे.

हा ‘स’ इजिप्तपुरता नाही. मेसोपोटेमियाची अक्कादी भाषा याच कामासाठी ‘श’ वापरते आणि उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर भाषा ‘स’. भाषांचे हे नाते कोणत्याही पिरॅमिडपेक्षा जुने आहे.

मध्य राज्याच्या काळापर्यंत मात्र या ‘स’ची नवी क्रियापदे घडवण्याची ताकद ओसरू लागली होती. जुनी रूपे राहिली. नवे काम ‘रेदी’ म्हणजे ‘देणे’ या क्रियापदाकडे गेले. ‘तो देतो, हा जगतो’ अशी ती रचना. आपल्या ‘जगू दे’ची आठवण होते, पण आपले ‘देणे’ इथे परवानगीचे आहे. ‘रेदी’त परवानगीही आहे आणि भाग पाडणेही.

मला या दोन वाटांतला फरक फार महत्त्वाचा वाटतो. ‘स’ लावला की जगणारा हा कर्म होतो. जे घडते ते त्याच्यावर घडते. ‘रेदी’ लावला की दुसऱ्या क्रियापदाला स्वतःचा कर्ता मिळतो. दुसऱ्याने दिले म्हणून का होईना, जगतो तो स्वतः. शिळेवरच्या वाक्यात ‘स’ आहे. सूत्र जुने म्हणून रूप जुने, असे कोणी म्हणेल, आणि ते चूक नाही. पण मृताचे नाव स्वतःहून काहीच करू शकत नाही, ते कोणीतरी वाचावे लागते; तिथे कर्मच शोभते.

पुढे हीच भाषा ग्रीक अक्षरांत, थोडी जुनी चिन्हे जोडून, लिहिली जाऊ लागली. तिला कॉप्टिक म्हणतात. आता स्वर दिसतात. जगणे झाले ‘ओन्ह’ आणि जगवणे ‘तान्हो’. मराठी कान ‘तान्हा’पाशी अडखळतो, पण नाते काही नाही. त्यातला ‘त’ म्हणजे झिजून उरलेला ‘रेदी’. ‘तान्होफ’ म्हणजे त्याला जगवणे. शेवटचा ‘फ’ पाहा : ‘तो जगतो’ यातला हा कर्ता. दोन क्रियापदे एकजीव झाली आणि कर्ता पुन्हा कर्म होऊन बसला. मिळालेले स्वातंत्र्य भाषेने काढून घेतले, तेही एक अक्षर न बदलता.

जुना ‘सअन्ख’ही मेला नाही. तो ‘सान्श’ झाला आणि त्याचा अर्थ पोसणे, खाऊपिऊ घालणे एवढ्यावर आला. ‘समेनेत’चे ‘स्मिने’ झाले. शेवटचा ‘ए’ ही त्या त्रासदायक ‘त’ची खूण, व्यंजन गळले, त्याच्या आधारचा स्वर राहिला. ‘सान्श’च्या शेवटी असा स्वर नाही, कारण तिथे ‘त’ कधी नव्हताच.

रोजच्या बोलण्यातून कॉप्टिक काही शतकांपूर्वी गेली, पण इजिप्तच्या कॉप्टिक चर्चच्या उपासनेत ती अजून आहे. तिच्या उत्तरेकडच्या बोलीत, जी आज तिथे ऐकू येते, ‘जीवन देणारा’ यासाठी शब्द आहे ‘रेफ्तान्खो’. ‘रेफ’ म्हणजे मुळात ‘माणूस, जो’. ‘त’ म्हणजे देणे. आणि उरलेला तो अन्ख.